छत नसलेल्या गाडीचा पीळ : चॅसिस ब्रेसिंगचा अनुभव

उघड्या छताची दोन आसनी स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांना एक थरथर चांगली परिचयाची असते. रस्त्यातला तिरका सांधा एका चाकाखाली आला की त्याचा धक्का स्प्रिंगपाशी विरत नाही. डॅशबोर्ड एका बाजूला आणि समोरच्या काचेची चौकट दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखी भासते, आरशातले दृश्य क्षणभर धूसर होते आणि स्टिअरिंगमधून एक सैलसर कंप हातापर्यंत येतो. माझ्याकडे पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ साली आलेल्या या गाडीचे गुण सर्वज्ञात आहेत : वजन हलके, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन त्रिकोणी भुजांवर धरलेले), आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी सरळ जोडणारी ॲल्युमिनियमची जाळीदार चौकट. उणीव एकच म्हणावी अशी आहे, आणि ती प्रत्येक उघड्या गाडीत कमीअधिक असते : सांगाडा पिळतो. हा पीळ कमी करण्यासाठी बाजारात मिळणारे ब्रेस, म्हणजे सांगाड्याला ताठ करणारे दांडे आणि पट्ट्या, मी टप्प्याटप्प्याने बसवले. त्यांतले कोणते कामाला आले, कोणते आले नाहीत आणि तसे का झाले, हे येथे लिहितो आहे.

आगपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांना धरून पिळला तर तो सहज वळतो. तोच खण वेष्टनात घालून पिळू लागले की बोटांना जोर लावावा लागतो. बंद आकार आणि उघडा आकार यांच्यातला हा फरक गणिताने मांडला तर चकित करणारा आहे. सुमारे ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाड पत्र्याची गोल नळी लांबीच्या दिशेने एकाच ठिकाणी चिरली, तरी पिळाला होणारा तिचा विरोध चारशे पटींहून अधिक घटतो, वास्तविक पोलाद तेवढेच राहिलेले असते. छप्पर काढून टाकलेल्या गाडीचे असेच होते. उरलेला भार दरवाजांखालच्या सिल, मधला बोगदा आणि तळाखालून जाणाऱ्या दोन पन्हाळी वाहतात, आणि १९८०च्या दशकातल्या हलक्या गाडीत यांतले काहीच फार जाड नसते.

पीळ वाईट का, याचे उत्तर केवळ थरथरीत नाही. सस्पेन्शन आणि सांगाडा या एकापुढे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा आहेत असे समजले, तर त्यांची एकत्रित ताठरता दोहोंतल्या मऊ स्प्रिंगेहूनही कमी भरते. शिवाय सस्पेन्शनच्या स्प्रिंगेला आवर घालायला शॉक ॲब्सॉर्बर असतो. पत्र्याच्या स्प्रिंगेला तो नसतो आणि पोलादाच्या अंगी कंप जिरवण्याची शक्ती अगदीच थोडी असते. चाके आपल्या टायरवर उडतात ती साधारण १० ते १५ हर्ट्झच्या आसपास, आणि सांगाड्याच्या पिळाची नैसर्गिक वारंवारता त्या टापूच्या जवळ आली की एका धक्क्याचा कंप लांबत राहतो. वळणावर तर आणखी एक गोष्ट घडते. पुढच्या आणि मागच्या ॲन्टी-रोल बारमधून (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्यांतून) भाराची वाटणी ठरवायची असते, ती वाटणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचवतो सांगाडा. तोच वळू लागला तर मागचा बार कितीही बदला, पुढच्या चाकांना त्याची खबर उशिरा आणि अर्धवट मिळते. माझ्या गाडीला मागे जुळवता येणारा बार आधीपासून होता. त्याच्या टोकाचे जोडणीचे भोक बदलून (भोकानुसार बार ताठ किंवा मऊ होतो) काहीही फरक जाणवत नसे, आणि माझा पहिला संशय सांगाड्यावर गेला तो यामुळेच.

ब्रेस मागवण्यापूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन खालून नीट पाहिली, आणि हा वेळ सर्वांत सत्कारणी लागला असे माझे मत आहे. या मॉडेलमध्ये कापडी छताच्या कोपऱ्यांतले पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबतात, पाणी सिलमध्ये साचते आणि मागच्या चाकांच्या पुढचा भाग आतून गंजतो. वरचा रंग शाबूत असूनही आतला पत्रा पापुद्र्यासारखा झालेला असू शकतो. हातोडीच्या लाकडी दांड्याने सिल ठोकत गेलो. जिथे खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला, तिथे अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला. डावीकडे तळहाताएवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागला. वेल्डिंग करणाऱ्याने बॅटरीचे टर्मिनल सोडवले, जवळचा गालिचा आणि डांबरी थर काढला आणि एकाच जागी उष्णता साठू नये म्हणून थोडे थोडे अंतर सोडून टाके घातले. गंजलेल्या पत्र्याला बळकट ब्रेस जोडणे म्हणजे भार आणखी दुबळ्या जागी नेऊन सोडणे, आणि ब्रेस विकणारे हे सांगत नाहीत. सस्पेन्शनचे रबरी बुशही (सांध्यांतली रबरी अस्तरे) त्याच वेळी तपासले. पुढच्या खालच्या विशबोनचे बुश फाटले होते, ते बदलले. नुसत्या बुशने स्टिअरिंगमधला सैलपणा बराचसा गेला, तेव्हा कशाचे श्रेय कशाला द्यायचे याची चाचणी नव्याने सुरू करणे भाग पडले.

चाचणी नुसत्या अंदाजावर ठेवायची नाही असे ठरवले होते. गाडीचा पुढचा एक कोपरा नेमून दिलेल्या जागी जॅक लावून उचलला की सांगाडा मध्ये झोळतो आणि पिळतोही. त्या बाजूच्या दरवाजाची मागची फट वरच्या टोकाला अरुंद होते. ही फट फिलर गेजच्या ठरावीक जाडीच्या पात्यांनी मोजता येते. चारही चाके जमिनीवर असताना एक मोजमाप आणि चाक जमिनीपासून सुटताच दुसरे, तेही दरवाजाच्या कडेला पेन्सिलने केलेल्या खुणेपाशीच. सुरुवातीला फरक दीड मिलिमीटरच्या आसपास येत होता, आणि उचललेल्या स्थितीत दरवाजा उघडताना कुलूप कचकत असे. प्रयोगशाळेत सांगाड्याची ताठरता न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात मोजतात. माझ्या पद्धतीला ते मोल नाही. आधीचे आणि नंतरचे यांची तुलना करण्यापुरती मात्र ती पुरेशी आहे, कारण गाडी तीच, जॅकची जागा तीच आणि उचल तेवढीच.

कोणता ब्रेस आधी, या प्रश्नाला मी गाडी बनवणाऱ्यांकडूनच उत्तर घेतले. १९९४च्या आवृत्तीत १.८ लिटर इंजिन आले, तेव्हा माझदाने स्वतःच पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनपाशी जादा ब्रेस दिले आणि आसनांमागे सीटबेल्टच्या खांबांना जोडणारा आडवा दांडा घातला. ज्यांच्यापाशी मोजण्याची सगळी साधने होती, त्यांनी वजन कुठे खर्च केले हे पाहणे कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बॉनेट उघडताच डोळ्यांत भरणारा, दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन टॉवर (स्प्रिंगचे वरचे टोक जिथे टेकते ते उंचवटे) जोडणारा चकचकीत दांडा या यादीत नाही.

त्याचे कारण सस्पेन्शनच्या रचनेत आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे वरचा विशबोन नसतो आणि स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरचा खांबच चाक धरतो) स्ट्रटचे वरचे टोक चाकाला उभे धरून ठेवते, म्हणून वळणावरचा आडवा भार त्या टॉवरवर येतो. तिथे दोन टॉवर एकमेकांना बांधण्यात अर्थ आहे. या गाडीत पुढचे वरचे आणि खालचे, दोन्ही विशबोन सबफ्रेमला, म्हणजे सांगाड्याला खालून बोल्टने जोडलेल्या स्वतंत्र चौकटीला, जोडलेले आहेत. टॉवरवर येतो तो स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा भार, आणि तो मुख्यतः उभा असतो. त्यातही बाजारातले अनेक दांडे इंजिनला वळसा घालण्यासाठी मध्ये वाकवलेले असतात. सरळ दांडा ओढीला आणि दाबाला ताठ राहतो. वाकवलेला दांडा त्याच भाराखाली धनुष्यासारखा लवतो आणि त्याची बरीच ताठरता वाकण्यातच खर्ची पडते. टोकांना बिजागरीसारखे सांधे असतील तर आणखीच कमी. ॲल्युमिनियमचा दांडा हलका दिसतो खरा, पण पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास आणि ॲल्युमिनियमचा ७० च्या आसपास, त्यामुळे ओढ-दाबाला तितकीच ताठरता हवी तर धातूचा छेद जवळजवळ तिप्पट घ्यावा लागतो. एका मित्राने स्वतःच्या गाडीवरून उतरवलेला असाच एक दांडा मला वापरून पाहायला दिला होता. तो लावून आणि काढून फटीची मोजमापे घेतली. गेजच्या पात्यांना दोन्ही स्थिती सारख्याच वाटल्या. दांडा त्याला परत केला.

मागच्या सबफ्रेमचा ब्रेस सर्वांत आधी बसवला, कारण त्याला भोके पाडावी लागत नाहीत. मूळ बोल्टच्या जागीच तो बसतो. सोपे काम असले तरी दोन ठिकाणी सावध राहावे लागले. या गाडीत व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, खालच्या विशबोनच्या विकेंद्री (फिरवले की भुजा किंचित सरकवणाऱ्या) बोल्टांनी जुळवतात, आणि ते बोल्ट जवळच असतात. पाना घसरून एखादा फिरलाच तर मूळ जागा कळावी म्हणून सगळ्या विकेंद्री चकत्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली. दुसरी गोष्ट पावडर कोटिंगची. ब्रेसवरचा जाड, गुळगुळीत थर दिसायला सुंदर असतो, पण बोल्टच्या डोक्याखाली तो दाबाने हळूहळू पसरतो आणि बोल्टचा ताण उतरतो. ब्रेस आणि गाडी यांना धरून ठेवते ते बोल्टच्या आवळण्यातून आलेले घर्षण. भोकात बोल्टला थोडी मोकळीक असतेच, त्यामुळे ताण उतरला की ब्रेस त्या मोकळिकीएवढा सरकत राहतो आणि त्याचा उपयोग नाहीसा होतो. बोल्टखालच्या आणि टेकणाऱ्या पृष्ठभागावरचा थर खरवडून काढला आणि तिथे जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात दिला.

आवळण्याच्या वेळी गाडी कशी उभी आहे, याला मी फार महत्त्व देतो. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी मध्यावर टांगलेली असते, दोन्ही टोके खाली झुकलेली असतात. त्या स्थितीत ब्रेस कसून आवळला तर झुकलेला आकारच कायम करण्याचा प्रयत्न होतो, आणि गाडी चाकांवर उतरल्यावर ब्रेसमध्ये फुकटचा ताण भरून राहतो. म्हणून बोल्ट हाताने लावून गाडी चार खांबांच्या, चाकांवर उभ्या राहणाऱ्या लिफ्टवर घेतली, टाकीत अर्धे पेट्रोल ठेवले, गाडी थोडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू दिले आणि मगच टॉर्क पान्याने आवळले. मूळ बोल्टांना कारखान्याच्या पुस्तिकेतला आकडा, आणि ब्रेसबरोबर आलेल्या ८.८ दर्जाच्या एम-८ बोल्टांना सुमारे २५ न्यूटन-मीटर. त्यापुढे जोर लावून काही साधत नाही, आटे मात्र जातात.

पुढच्या सबफ्रेमचा ब्रेस तसाच बसला, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. इंजिन ऑइलचा फिल्टर आणि ऑइल सोडण्याचा खालचा बोल्ट काढायला जागा राहते की नाही, एवढे आधी पाहून घ्यावे.

खरा कस लागला तो तळाखालच्या पन्हाळींना. या पन्हाळी पातळ पत्र्याच्या, तळाला खालून टाके घालून जोडलेल्या. तळ आणि पन्हाळ मिळून बंद पेटी होते आणि तिच्यात बळ असते ते ती चौकोनी असते तोवर. कुणीतरी कधीतरी चुकीच्या जागी जॅक लावतो आणि पेटी चेपते. माझ्या गाडीत दोन्ही पन्हाळी जागोजागी चेपलेल्या होत्या, उजवी तर एका ठिकाणी जवळजवळ सपाट. ब्रेस म्हणून मिळते ती या पन्हाळीवर खालून बसणारी जाड पत्र्याची दुसरी पन्हाळ, आणि ती बसायची तर आतली आधी सरळ हवी. चेपलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे आणि शिकंजे लावून थोडे थोडे दाबत कडा उभ्या केल्या. पत्रा एकदा मुडपल्यावर पुन्हा हुबेहूब सरळ होत नाही. नवी पन्हाळ सरकून बसेल आणि दोन्ही भिंतींना टेकेल इतके झाले की थांबलो.

भोके पाडण्यापूर्वी आसने आणि गालिचा काढून आतून तळ उघडा केला. बोगद्याच्या कडेने पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, गालिच्याखालून वायरिंग जाते. ड्रिल खालून चालवायचे असल्याने वर काय आहे ते दिसत नाही. प्रत्येक जागेवर आधी बारीक भोक पाडून त्यातून तार वर काढली, वर कुणी तरी पाहून हो म्हणाले की मगच मोठे ड्रिल. भोकाच्या कडांची कूस कानशीने काढली, उघड्या पोलादाला जस्तयुक्त रंग दिला आणि आतल्या बाजूला साध्या वॉशरऐवजी ३ मिलिमीटर जाडीच्या रुंद पट्ट्या ठेवल्या. पातळ पत्र्यावर लहान वॉशर ठेवून आवळले तर पत्राच वाटीसारखा खचतो आणि टॉर्क पान्याचा आकडा खोटा ठरतो. शेवटी प्रत्येक बोल्टभोवती सीलंट, कारण नव्याने पाडलेले प्रत्येक भोक पाण्याला दिलेले आमंत्रण असते आणि याच गाडीची सिल पाण्याने खाल्लेली मी नुकतीच पाहिली होती. दोन्ही पन्हाळींना जोडणारी आडवी जाळीही याच संचात होती. सायलेन्सरच्या नळीला ती गरम झाल्यावर टेकू नये म्हणून मध्ये बोटभर अंतर राहील असे नळीचे रबरी टांगणे जुळवले.

मोजमाप पुन्हा घेतले तेव्हा फटीतला फरक पाऊण मिलिमीटरच्या जवळ आला होता, म्हणजे साधारण अर्धा. सबफ्रेमच्या ब्रेसमुळे हा आकडा फारसा हलला नव्हता. मोठी घट पन्हाळींनंतरची. याउलट स्टिअरिंगमधला फरक पुढच्या सबफ्रेमपासूनच कळू लागला होता. दोन्ही ब्रेसची कामे वेगळी आहेत एवढाच याचा अर्थ : एक विशबोनचे टेकू आपापल्या जागी ठेवतो, दुसरा संपूर्ण देहाचा पीळ धरतो. केवळ दरवाजाची फट मोजून सबफ्रेमच्या ब्रेसला निकामी ठरवणे अन्यायाचे झाले असते.

स्वतःच्या हाताने बसवलेल्या वस्तूचा गुण जाणवतोच, म्हणून माझ्या अनुभूतीवर मी फार विसंबलो नाही. माझी गाडी नेहमी चालवणाऱ्या एका मित्राला, काय बदलले आहे ते न सांगता, रोजच्याच रस्त्यावर गाडी दिली. टायरमध्ये हवा तीच, कारखान्याने सांगितलेली २६ पीएसआय, आणि छत उघडे. तिरका सांधा ओलांडल्यावर त्याने विचारले, शॉक ॲब्सॉर्बर बदलले का? ते बदललेले नव्हते. आधी जो धक्का दोन-तीन हेलकाव्यांनी मिटत असे, तो आता एकदाच येतो आणि मिटतो. वळणात शिरताना स्टिअरिंग वळवणे आणि गाडीच्या मागच्या भागाने ते मानणे यांच्यात जो पुसटसा विलंब होता, तोही कमी झाला. पकड वाढली असे मात्र कुठेही वाटले नाही, आणि वाढण्याचे कारणही नाही. रस्ता धरतो तो टायर. गाडी आपल्या मर्यादेपाशी पोहोचली आहे हे आता थोडे आधी आणि अधिक स्पष्ट कळते, त्यामुळे तिला विश्वासाने चालवता येते.

मागच्या ॲन्टी-रोल बारचे भोक बदलून पुन्हा पाहिले. एक भोक ताठ केल्यावर वळणाच्या मध्यावर पुढचा भाग बाहेर ढकलला जाणे स्पष्टपणे कमी झाले. ओल्या रस्त्यावर मागचा भाग थोडा अधीर वाटू लागला, म्हणून परत मधल्या भोकावर आणले. ज्या बदलाची पूर्वी दखलच लागत नव्हती त्याचा आता दोन्ही बाजूंनी हिशेब लागतो, हे मला फिलर गेजच्या आकड्याहून पटणारे प्रमाण वाटते.

काही गोष्टी वाईटही झाल्या. तळ ताठ झाल्याने रस्त्याचा आवाज आत अधिक येतो, विशेषतः खडबडीत डांबरावर. जमिनीपासूनची उंची पन्हाळीच्या जाडीएवढी घटली आणि उंच गतिरोधकावर आडवी जाळी घासते, तेव्हा गाडी तिरकी न्यावी लागते. पोलादाचे वजन वाढले ते निराळेच; हलकेपणावर जगणाऱ्या गाडीत प्रत्येक किलोला उत्तर द्यावे लागते, सुदैवाने हे वजन अगदी खाली आहे. पूर्वी पीळ झाकून टाकत असलेला शॉक ॲब्सॉर्बरचा थकवाही उघडा पडला : मागचा डावा दाबल्यावर सावकाश परत येतो, हे आता चालवतानाही कळते. तो बदलायचा आहे, जोडीने.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. आडव्या जाळीचे दोन बोल्ट आकड्यापेक्षा सैल निघाले, आणि त्या दोहोंखालीच पावडर कोटिंगचा थर नीट खरवडला गेला नव्हता. व्हील अलाइनमेंट यंत्रावर पाहिले, रेघा जागच्या जागी होत्या. दोन्ही दरवाजांच्या कुलपाची खुंटी किंचित बाहेर घ्यावी लागली, कारण दरवाजे आता जोराने आपटल्याशिवाय लागत नव्हते. सांगाड्यातला बदल असल्याने विमा कंपनीला लेखी कळवले आणि पन्हाळींची बसवण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे कागदपत्रांत ठेवली. दरवाजांच्या आत बसणारे आडवे दांडे आणि पुढच्या मडगार्डच्या आतले ब्रेस अनेकांनी सुचवले आहेत. त्यांपैकी मडगार्डचे ब्रेस काचेच्या चौकटीच्या मुळाशी काम करतात आणि आरशातली उरलेली थरथर तिथूनच येत असावी असा माझा अंदाज आहे. शॉक ॲब्सॉर्बर बदलून झाल्यावर, पुन्हा त्याच पेन्सिलच्या खुणेपाशी गेज लावून, मग त्यांचा विचार करणार आहे.